यीस्टचा गुण

आमच्या घरी संडास बांधला, तरी मी त्यानंतर कितीतरी दिवस पहाटेचं टमरेल घेऊन ओढ्याकडंच जात होते. हे सांगितलं की आताच्या पोरी हसतात. हसा बायांनो. तुमच्या घरात टाइल्स लावलेले दोन-दोन आहेत, तुमचं काय जातंय हसायला.

संडास आत्यांसाठी होता. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आणि सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. आमचं गाव शिनोलीच्या अंगाला, भीमाशंकरच्या रस्त्यावर. पावसाळ्यात पहाटे बाहेर गेलेल्या आत्या बांधावरून घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पट्टी घातली, काठी धरून चार पावलं टाकायला लागल्या, पण उकिडवं बसणं कायमचं गेलं. आता बाईमाणसाला उकिडवं बसता येत नसेल तर तिनं आमच्या गावात जायचं कुठं? मग घराच्या मागं पोत्याचा आडोसा करून मी त्यांना जुन्या घमेल्यावर धरून बसवायचे. त्या भिंतीकडं तोंड करून रडायच्या. म्हणायच्या, "माझी घाण तुला काढाय लागती गं बाय." मी म्हणायचे, "अन् माझ्या पोरांची तुमी काढली, ती काय अत्तर व्हतं?" तेवढ्यापुरत्या हसायच्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मला दुसरं काही नको होतं. आत्यांना आतून कडी लावून, एकटीनं, कुणाचा हात न धरता बसता आलं पाहिजे, एवढंच. आमचे हे चाकणला कंपनीत होते, सुट्टीला घरी यायचे. त्यांच्या मी डोक्यावरच बसले. शेवटी पत्र्याचं दार, विटांच्या भिंती, आत भांडं आणि भांड्यावर मधोमध भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची, असा आमचा संडास उभा राहिला.

उभा राहिला म्हणजे वरचा. खालचं रामायण वेगळंच.

आमच्या घराच्या मागं लगेच एका बागायतदाराचं वावर लागतं आणि त्या वावरात त्याची विहीर. गवंड्यानं टाकीच्या पलीकडं शोषखड्डा खणायला घेतला तसा तो बांधावर येऊन उभा राहिला. मामांच्या निम्म्या वयाचा गडी, पण बोलणं बघा. "म्हातारबा, ह्ये न्हाई चालायचं. तुमचं पाणी माझ्या हिरीत उतरंल. आमी प्यायचं का त्ये?" त्याच्या म्हशींचा उकिरडा त्याच विहिरीच्या काठाला होता. पाऊस पडला की शेणाचं पाणी धारेनं विहिरीत जायचं, ते त्याला चालायचं. म्हशीचं चालतं, आमचं चालत नाही. विहिरीची काळजी वाटणं चूक आहे असं मी म्हणत नाही, पण त्याची काळजी कशाची होती ते मला न सांगता कळत होतं, आणि मामांना तर लहानपणापासून कळत होतं.

मी भांडायला निघाले होते. मामांनी हात धरला. म्हणाले, "कडी लावून बसाय मिळतंय ना तिला? मग मिटव." मिटलं. शोषखड्डा बुजवला. टाकीला खालून, बाजूनं सगळीकडून सिमेंट मारून घेतलं. आत जायला वाट होती, बाहेर पडायला वाट नव्हती. म्हणजे भरली की उपसायची. मैला ओढणारा टँकर मंचरकडून मागवता आला असता, पण तो टाकीपर्यंत यायचा तर त्याच बागायतदाराच्या बांधावरून. तो म्हणाला, कांदा उभा आहे. त्याचा कांदा बाराही महिने उभाच असायचा. बादल्यांनी उपसायला मामा तयार होते, पण उपसून टाकायचं कुठं? आमचा वावराचा तुकडा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी सरळ सांगितलं, माझ्या घरातला माणूस मैल्याची बादली घेऊन गावातून चालणार नाही. गावाला ते बघायचंच आहे, मी दाखवणार नाही.

म्हणून ठरलं की संडास एकट्या आत्यांचा. बाकीच्यांनी पहिल्यासारखं बाहेरच जायचं. जितकी कमी भरेल तितकी बरी.

काम संपवून जाताना गवंडी मामांना म्हणाला, "टाकी नुसती बांधून चालू व्हत न्हाई, भाऊ. येखादं मेल्यालं कुत्रं टाका आत, न्हाईतर शेरडाची आतडी. किडं पडलं की मैला खात्यात. समदी तसंच करत्यात." आमच्याकडं खरंच तसं करायचे. नवीन टाकी म्हटली की कुत्र्याचं मढं शोधायला माणूस निघायचा. मामा खाली बसून हात धूत होते. त्यांनी वर बघितलंही नाही. "मेल्यालं वढायचं आमी सोडलंय," एवढंच म्हणाले. गवंडी बिचारा साधा, त्याला काही लागलं नाही. म्हणाला, "वढाय कुठं सांगतोय, छोटं कुत्रं, पिशवीत येतंय." मामा उठून आत गेले.

छप्पन साली धम्म घेतला तेव्हा मामा पंचविशीच्या आत होते. त्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी सोडल्या. गावातली मेलेली ढोरं ओढणं आणि दारू. पहिल्या गोष्टीपायी गावानं त्यांचं पाणी तोडलं होतं, दळण तोडलं होतं. तरी ते हलले नाहीत. आणि दारूचं म्हणाल तर खोकल्याच्या औषधाचासुद्धा ते वास घेऊन बघायचे. अशा माणसाला कुत्र्याचं मढं आणायला सांगणं म्हणजे काय ते गवंड्याला कुठून कळणार.

तोडगा माझ्या माहेरानं दिला. माझं माहेर जुन्नरचं, भाऊ तिथं एका बेकरीत भट्टीवर कामाला. मी राखीला गेले तेव्हा त्याच्याजवळ रड गायले. तो म्हणाला, "अगं, कुत्रं कशाला पायजे? आमच्या बेकरीच्या मागल्या संडासात शेठ उरलंसुरलं यीस्ट टाकतो. वास न्हाई, तुंबणं न्हाई, काय न्हाई. पावात टाकतो तेच." आणि त्यानं कागदात गुंडाळून साबणाच्या वडीएवढं यीस्ट दिलं. पिवळट, भुसभुशीत, ताकासारख्या आंबट वासाचं. कोमट पाण्यात गूळ विरघळवायचा, त्यात हे कुस्करायचं, झाकून ठेवायचं. फेस आला की भांड्यात ओतायचं. फिनेल, अ‍ॅसिड काही टाकायचं नाही. यीस्ट जिवंत असतं, मरून जातं.

जुन्नरहून एसटीनं ते यीस्ट मी ओल्या फडक्यात, मांडीवर घेऊन आणलं. मामांना सांगितलं तर त्यांनी आधी वास घेतला. "दारूत घालत्यात का ह्ये?" मी म्हटलं, "पावात घालत्यात, मामा." मग तयार झाले. तयार कसले, त्यांना छंदच लागला. वडी संपली की भाऊ एसटीतून दुसरी पाठवायचा. दर आठवड्याला ओट्यावर बादली ठेवून, गोणपाट झाकून, ते शेजारी बसायचे. फेस चढला की हाक मारायचे, "बघ, बघ, जागं झालं." आणि ओतताना घरातल्या आत्यांना तिथूनच सांगायचे, "तुझं गडी निघालं बघ कामाला." आत्या लाजून, "जावा तिकडं, चावट म्हातारं," म्हणायच्या. खरं सांगते, आमच्या घरात त्या दिवसांत जरा बरं वाटत होतं. आत्या काठी टेकत जायच्या, आतून कडी लावायच्या. त्या कडीचा आवाज ऐकला की माझा जीव थंड व्हायचा.

मामांनी एका बांबूवर चुन्याची रेघ मारली होती. टाकीचं लहान झाकण उघडून बांबू आत सोडायचा आणि कुठवर ओला होतो ते बघायचं. पहिल्यांदा टाकी झरझर चढली. मग यीस्ट सुरू झालं आणि काही महिन्यांनी चढणं मंदावलं. पुढं पुढं तर बांबू ओला व्हायचा तो जवळजवळ तिथल्या तिथंच. मामा बांबू हातात धरून घरात यायचे, मी नाक दाबून ओरडायचे, "अवो बाहेर न्या ते!" पण त्यांचा आनंद काय सांगावा. "खातंय गं! समदं खातंय! पाणीसुदिक पितंय!" ते गावात चार जणांना सांगत सुटले. आमचे हे सुट्टीला आले तेव्हा म्हणाले, पाणी कसं काय पिईल, पाणी कुठंतरी मुरत असणार, टाकीला चीर गेली असणार. मामा रागावले. "कंपनीत जातोस म्हून तुला लई कळतंय व्हय?" मलाही यांचाच राग आला. कधी नाही ते घरात एक गोष्ट धड चाललीये, तर हे आले चिरा काढायला.

आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला हातभट्टी चालायची. आख्ख्या गावाला ठाऊक होतं. संध्याकाळी तिकडं जाणारी माणसं आणि तिकडून येणारी माणसं यांत फरक दिसायचा. तिथं कधी जीप गेलेली मी बघितली नाही. जीप आली ती आमच्या दारात.

भर दुपार होती. मामांची बादली ओट्यावर, गोणपाटाखाली फसफसत होती. पोलीस उतरले. टीप मिळाली म्हणाले, इथं गूळ येतोय, यीस्ट येतंय, आंबट वास सुटतोय. काठीनं गोणपाट उचललं, फेस दिसला, झालं. "दारूचं रसायन गाळतोस व्हय रं?" मामांना अरे-तुरे. मामा उभे राहिले, टोपी काढली. "साहेब, त्ये संडासचं अवशीद हाय." यावर ते सगळे जे हसले, ते हसू माझ्या कानात अजून आहे. एक जण म्हणाला, "संडासला गूळ? म्हाताऱ्या, आमाला शिकवतो का?" बादली लाथेनं उलटली. मी मध्ये पडले, म्हटलं, "माझ्या भावाला इचारा, जुन्नरच्या बेकरीत जाऊन इचारा, हा माणूस थेंबाला शिवत न्हाई." माझ्याकडं कोण बघतंय. त्यांना पिंप पाहिजे होतं. पिंप जमिनीत पुरतात म्हणे. आणि घरामागं जमिनीलगत सिमेंटची फरशी दिसली.

संडासचं दार आतून बंद होतं. आत्या आत होत्या.

पत्र्यावर दांडका हाणून एक जण ओरडला, "आत कोण लपलंय? बाहेर ये!" आतून आत्यांचा आवाज आला, "आले, आले बाबा, जरा थांब." मी किंचाळले, "माझी सासू हाय, खुबा मोडल्याली बाई हाय ती!" पण दार इतकं हलवत होते की कडी निघाली. पुढचं मी लिहीत नाही. लुगडं सावरायला त्यांना वेळ मिळाला नाही, एवढंच लिहिते. मी जाऊन पुढं उभी राहिले, माझा पदर त्यांच्याभोवती गुंडाळला आणि त्यांना आत नेलं. मागं पहारीचे घाव पडत होते. टाकीवरची फरशी फोडली. फोडल्यावर आत जे होतं ते दिसलं आणि वासही आला. नाकाला रुमाल लावून सगळे मागं सरले. एक जण म्हणाला, "खरंच संडास हाय की राव." आणि निघून गेले. चुकलं नाही, माफ करा नाही, फरशीचं काय नाही. जाताना एकानं मामांना सांगितलं, "गूळ घरात ठेवू नको जास्त."

बांधावर बागायतदार उभा होता, आणखी चार माणसं होती. टीप कुणी दिली ते आम्हाला कधीच कळलं नाही. कळलं असतं तर एका माणसाचा राग धरून गप बसले असते. आता सगळ्या गावाचाच धरते.

मामांनी दुसऱ्या दिवशी घरातला होता नव्हता तेवढा गूळ ओढ्यात नेऊन टाकला. यीस्टचं नाव काढू देईनात. "ज्या गोष्टीला मी जनमभर शिवलो न्हाई, तिच्यापायी माझ्या बायकोला उघड्यावर आणलं," असं म्हणायचे. चहासुद्धा बिनगोडाचा प्यायला लागले. फरशी आमच्या यांनी नवी टाकली, कडी बसवली. आत्या पुन्हा जायला लागल्या, पण कमी. मी विचारलं तर म्हणायच्या, "म्हातारपणी लागतं कुठं गं तेवढं." खायच्याही कमी. अर्धी भाकरी, चमचाभर कोरड्यास. मला वाटलं त्या दिवसाचं दुःख आहे, निवेल हळूहळू.

आणि टाकी? यीस्ट बंद झालं तरी टाकी चढेना. बांबू सोडायचा तर आता मीच सोडायचे. आधीपेक्षाही कमी चढत होती. मी मामांना म्हटलं, "बघा, अजून गुण हाय त्याचा. तुमी घातलेलं वाया गेलं न्हाई." त्यांना तेवढंच बरं वाटेल म्हणून म्हटलं, पण मलाही तसंच वाटत होतं.

उन्हाळा लागला. एका दुपारी आत्यांना थंडी वाजून ताप भरला. ओठ फुटलेले, जीभ कोरडी ठक्क, बरळायला लागल्या. जीप करून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. सलाईन लावली, तपासलं आणि मला बाजूला घेतलं. मूत्रपिंडाला सूज आहे, अंगात पाणीच राहिलं नाही, म्हणाल्या. "पाणी किती पितात या?" मी म्हटलं, "पितात की. खाटेजवळ तांब्या भरून ठेवते सकाळी, संध्याकाळी रिकामा असतो." त्या म्हणाल्या, "शक्यच नाही."

सलाईन संपता संपता आत्या शुद्धीवर आल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच विचारलं, "आजी, पाणी का पीत नाही तुम्ही?" आत्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग छताकडं. म्हणाल्या, "टाकी भरंल ना, बाई."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. मला कळलं. तांब्यातलं पाणी त्या खिडकीतून कढीपत्त्याच्या बुडात ओतायच्या, म्हणूनच तो भर उन्हाळ्यात हिरवागार होता. मी बाहेर टमरेल घेऊन जाते आणि आपण आत कडी लावून बसतो, याची त्यांना पहिल्या दिवसापासून लाज वाटत होती. म्हणून पहिलं पाणी कमी केलं, मग भाकरी कमी केली. टाकी चढायची थांबली तेव्हा मामा बांबू घेऊन नाचत होते आणि त्या आत खाटेवर पडून ते ऐकत होत्या. पोलीस येऊन गेल्यावर तर हे सगळं आपल्यापायीच झालं असं त्यांनी धरलं, आणि राहिलेलंही तोडलं. यीस्टनं काही खाल्लं नव्हतं की प्यालं नव्हतं. आमच्या घरातली म्हातारी दोन उन्हाळे तहानलेली राहिली आणि आम्ही साबणाच्या वडीएवढ्या त्या यीस्टचं कौतुक करत बसलो.

मला रडू आलं नाही, संताप आला. बागायतदाराचा, गवंड्याचा, जीपमधून उतरलेल्यांचा, चिरा शोधणाऱ्या नवऱ्याचा, सगळ्यांचा आला. आत्यांचाही आला. म्हटलं, "अवो, मला सांगायचं तरी! मी उपसली असती की टाकी, माझ्या ह्या हातांनी!" त्या म्हणाल्या, "म्हून तर न्हाई सांगितलं."

पाचेक दिवस आम्ही दवाखान्यात होतो. तिथं त्या इतकं पाणी प्यायच्या की नर्सबाईंना कौतुक वाटायचं. ग्लास पुढं केला की एका दमात संपवायच्या आणि पुन्हा पुढं करायच्या. तिथल्या संडासात भिंतीला धरून, माझ्या खांद्यावर हात ठेवून सारख्या जायच्या आणि भसाभसा पाणी ओतायच्या. तोंडावर कळा आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्या सुट्टी देते.

मी पिशवी भरायला लागले. आत्यांनी माझा हात धरला. "आजून दोन दिस ऱ्हाऊ दे की गं मला हितं."

"कशाला आत्या? बऱ्या झालात की."

"न्हाई, पर हितली टाकी आपली न्हाई," त्या म्हणाल्या, आणि ग्लास पुढं केला. "वत अजून."